पूर, पन्हाळा आणि हातातला बिनतारी संच

कोल्हापुरात पावसाळ्याचे दोन आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांवर आली की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडीसारखी गावे रिकामी करावी लागली, शिरोळ तालुक्यातल्या कित्येक गावांची बेटे झाली. अशा वेळी वीज जाते, आणि वीज गेली की मोबाइलच्या मनोऱ्याखालच्या बॅटऱ्या व डिझेल पुरेल तेवढेच तास फोन चालतात. नंतर हातातला फोन म्हणजे एक महागडी विजेरी.

वास्तविक मोबाइल फोन हाही एक हातातला बिनतारी संचच आहे. तोही रेडिओलहरी पाठवतो आणि घेतो. परंतु फोनवरचे बोलणे मनोऱ्यामार्फतच होते. दोन माणसे एकाच कौलावर शेजारी शेजारी बसलेली असली तरी एकाचा आवाज आधी मनोऱ्याकडे जातो, तेथून दुसऱ्याकडे येतो. मनोरा गेला की शेजाऱ्याशीही बोलणे खुंटते. वॉकीटॉकीचे तसे नाही. एका संचातून निघालेली लहर सरळ दुसऱ्या संचात शिरते, मध्ये कोणी नसले तरी चालते. म्हणून पोलीस, वनखाते, अग्निशामक दल आणि हौशी बिनतारी मंडळी (यांना सर्वजण 'हॅम' म्हणतात) आजही हा संच बाळगून असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाल्यावर हॅम मंडळी संच घेऊन तिकडे गेली होती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हॅम मंडळींचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होते आणि अंदमानच्या बातम्या बाहेर पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

हल्ली असे संच स्वस्तात मिळतात, आणि 'आणून कपाटात ठेवले की झाले' असा एक समज पसरला आहे. तो धोक्याचा आहे. संच किती लांब ऐकू जाईल हे त्याच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते. ते ठरते आपण कोठे उभे आहोत यावर, आणि संचाच्या स्मृतीत आपण आधी काय भरून ठेवले आहे यावर. दोन्ही गोष्टी पूर येण्यापूर्वी समजून घ्यायच्या आहेत.

उंचीचा हिशोब

हौशी मंडळींना आपल्या देशात जे पट्टे दिलेले आहेत, त्यांपैकी हातातल्या संचांसाठी सर्वांत सोयीचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ३०० भागिले १४५, म्हणजे सुमारे २ मीटर. म्हणून या पट्ट्याला 'दोन मीटर'च म्हणतात. दुसरा पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा, त्याची तरंगलांबी सुमारे ७० सेंटिमीटर.

आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगरामागेही जातात, लघुलहरी आयनांबरावरून परततात. दोन मीटरच्या लहरी साधारणपणे यांपैकी काहीच करत नाहीत. त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. वातावरण वर वर विरळ होत जाते, त्यामुळे त्या किंचित खाली वाकतात, एवढाच त्यांचा पृथ्वीशी सलोखा. त्यामुळे डोळ्याला दिसते त्यापेक्षा रेडिओचे क्षितिज थोडे पुढे असते. ते काढण्याचा हिशोब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. (डोळ्यासाठी हाच गुणक ३.६ आहे. दहावीच्या मुलांना पायथागोरसच्या प्रमेयावरून तो काढायला सांगावा.)

माणूस जमिनीवर उभा राहून संच तोंडाशी धरतो तेव्हा अँटेना दीड मीटरवर असते. क्षितिज आले ५ किलोमीटर. समोरचाही तसाच उभा असेल तर दोघांचे मिळून १० किलोमीटर. हे झाले सपाट, मोकळ्या मैदानातले. आपल्याकडे मध्ये घरे असतात आणि नदीकाठी पुरुषभर उंचीचा ओला ऊस असतो. ओली पाने या लहरी शोषून घेतात, ७० सेंटिमीटरच्या तर अधिकच. प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटरवर आवाज तुटू लागला तर संचाला दोष देऊ नये.

आता तोच माणूस तिमजली शाळेच्या गच्चीवर, जमिनीपासून १२ मीटरवर गेला. क्षितिज १४ किलोमीटर झाले, जवळजवळ तिप्पट. बॅटरी तीच, संच तोच, फक्त जिने चढण्याचे श्रम. याउलट संचाची शक्ती वाढवून काय मिळते? अगदी मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते, आणि मध्ये टेकडी आली तर चौपट शक्तीही तिच्या मातीतच जिरते. खोक्यावर ८ वॉट, १० वॉट असे मोठ्या टाइपात छापलेले असते. आमच्या मते त्या आकड्याकडे पाहण्यापेक्षा गावातली सर्वांत उंच सुरक्षित गच्ची कोणती ते पाहावे.

रिपीटर आणि त्याची दोन तोंडे

उंचीचे हे गणित पुढे नेले की रिपीटरची कल्पना आपोआप सुचते. पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर कोल्हापूरच्या सपाटीपेक्षा तीनशे ते चारशे मीटर उंच आहे. ३५० मीटर धरले तर क्षितिज सुमारे ७७ किलोमीटर येते. पन्हाळ्याहून कुरुंदवाड सरळ रेषेत साधारण ५० किलोमीटर, म्हणजे आतच. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी एखादे यंत्र ठेवले, की जे खालून येणारा क्षीण आवाज ऐकून तोच आवाज त्याच क्षणी जोराने पुन्हा फेकेल, तर शिरोळातला माणूस आणि करवीरातला माणूस हातातल्या संचावर बोलू शकतील. एकमेकांना ते कधीच 'दिसत' नसले तरी दोघांनाही डोंगर दिसतो. हेच रिपीटर.

पण गगनबावडा तालुक्यातल्या दरीतल्या वाड्यांचे काय? त्या पन्हाळ्यापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कुरुंदवाडपेक्षा जवळ. तरीही तेथे आवाज पोहोचेलच असे नाही, कारण मध्ये सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येतात. दूरचे गाव ऐकते आणि जवळचे बहिरे राहते, हे पश्चिमेकडच्या तालुक्यांचे नेहमीचे दुखणे आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवून ते कळत नाही. समोच्च रेषांचा नकाशा घेऊन छेद काढावा लागतो. भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा कशासाठी शिकायच्या, या प्रश्नाला इतके रोखठोक उत्तर क्वचितच मिळेल.

आता अडचण अशी, की रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच वेळी. त्याच्या अँटेनावर खालून येणारा संकेत एखाद्या मायक्रोव्होल्टचा, आणि त्याचा स्वतःचा आवाज कित्येक वॉटचा. दोन्ही एकाच वारंवारतेवर असते तर स्वतःच्या ओरडण्याने तो बहिरा झाला असता. म्हणून ऐकण्याची वारंवारता वेगळी आणि बोलण्याची वेगळी ठेवतात. दोन मीटरच्या पट्ट्यात हे अंतर सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ असते. उदाहरणादाखल समजा, एक रिपीटर १४५.७०० मेगाहर्ट्झवर बोलतो. मग तो ऐकतो १४५.१०० वर. आपल्या संचाने याच्या बरोबर उलट करायचे असते, म्हणजे ऐकताना १४५.७०० आणि बटण दाबताच १४५.१००. या फरकाला 'ऑफसेट' म्हणतात आणि येथे त्याची दिशा उणे आहे. ही दिशा भरायची राहिली तर आपल्याला सर्वांचे बोलणे स्वच्छ ऐकू येते, आणि आपले मात्र डोंगरावर कोणीच ऐकत नाही.

तिसरी गोष्ट टोनची. उंचावरच्या रिपीटरला नको ते आवाजही फार ऐकू येतात, कोठल्या यंत्राचा खरखराट, कोठे दूरचा दुसराच रिपीटर. त्या सर्वांवर तो जागा होऊ नये म्हणून त्याला एक खूण ठरवून देतात. आपण बोलत असताना संच आवाजाबरोबर एक अतिशय खालच्या पट्टीचा अखंड सूर मिसळतो, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा. असे ठरावीक सूर साधारण ६७ ते २५४ हर्ट्झ या दरम्यान आहेत. संचाचा ध्वनिमार्ग ३०० हर्ट्झच्या खालचे गाळून टाकतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा सूर जाणवत नाही. रिपीटरला मात्र तो जाणवतो आणि तो दार उघडतो. दुकानदार याला 'गुप्त कोड' म्हणून विकतात, पण गुप्त वगैरे काही नसते. ज्याने स्वतःच्या संचात टोन लावलेला नाही, त्याला आपले सगळे बोलणे ऐकू येते.

स्मृतीतली एक ओळ

आता 'प्रोग्रॅमिंग' म्हणजे काय ते सांगता येईल. संचातला प्रत्येक चॅनेल म्हणजे हजेरीपटातली एक ओळ. त्या ओळीत रकाने असतात. ऐकण्याची वारंवारता, ऑफसेटची दिशा, ऑफसेट किती, पाठवण्याचा टोन, ऐकण्याचा टोन, शक्ती, पट्ट्याची रुंदी, आणि चॅनेलचे नाव. संचाच्या कळा दाबून हे भरता येते, पण ते किचकट आहे आणि रांगेने वीस संच भरताना चूक होतेच. म्हणून तार जोडून संगणकावरून भरावे. 'चिर्प' नावाचे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ संचांना चालते. त्याचा एक शिरस्ता मोडू नये. आधी संचात आहे ते वाचून घ्यावे, त्याची प्रत जपून ठेवावी, मग बदल करावेत, आणि शेवटी ते संचात परत लिहावेत. कोरा तक्ता भरून थेट लिहायला गेलेल्या उत्साही लोकांचे संच आम्ही दुरुस्तीला आलेले पाहिले आहेत.

रकाना चुकला की काय होते, हे आम्ही एका सरावात अनुभवले. पावसाळ्यापूर्वी एका महाविद्यालयात पुराची रंगीत तालीम होती. सहा ठिकाणी सहा परवानाधारक हॅम संच घेऊन उभे होते, प्रत्येकाशेजारी निरोप लिहून घ्यायला दोन विद्यार्थी. पहिल्या दहा मिनिटांतच एका ठिकाणचा माणूस एकच निरोप पुन्हा पुन्हा देऊ लागला. केंद्रावरून आम्ही त्याला उत्तर देत होतो, इतरही देत होते, पण तो जणू आम्ही नाहीच असे बोलत होता. 'कोणी आहे का? दोन आजारी माणसे आहेत, नाव पाठवा.' तालीमच होती, तरी ऐकताना अंगावर काटा आला. त्याच्या प्रत्येक हाकेने बाकीच्यांचाही मार्ग अडत होता, कारण एका वेळी एकच जण बोलू शकतो. शेवटी एका विद्यार्थ्याला मोटारसायकलवरून पिटाळले.

दोष संचात नव्हता, ओळीत होता. पाठवण्याचा टोन ८८.५ बरोबर भरलेला होता, म्हणून त्याचे बोलणे रिपीटरपर्यंत पोहोचत होते. पण कोणीतरी तोच आकडा ऐकण्याच्या टोनच्या रकान्यातही टाकला होता. आता तो संच रिपीटरकडून टोन आल्याशिवाय कर्णा उघडणार नव्हता, आणि आमचा रिपीटर परत बोलताना टोन पाठवत नाही. संचाचा लहान दिवा प्रत्येक उत्तराला हिरवा होत होता, कर्णा मात्र मुका. संचाच्या बाजूला 'मॉनिटर' नावाची कळ असते, ती दाबून धरताच सर्वांचे आवाज एकदम ऐकू आले. दिवा लागतो पण आवाज येत नाही, तर सर्वप्रथम ही कळ दाबावी. तेव्हापासून आम्ही ऐकण्याच्या टोनचा रकाना सर्व संचांत रिकामाच ठेवतो.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. स्वस्त संचांत दोन चॅनेल आळीपाळीने ऐकण्याची सोय असते. ती चालू असली की काही संच ज्या चॅनेलवर शेवटचा आवाज आला त्यावरच उत्तर पाठवतात, आणि बोलणाऱ्याला वाटते आपण पहिल्यावर आहोत. आपत्तीच्या संचात ही सोय बंद ठेवावी. दुसरे, खांद्यावरच्या पिशवीत बटण दाबले गेले तर तो एक संच साऱ्या तालुक्याचे बोलणे अडवून बसतो. त्यासाठी पाठवण्याची कालमर्यादा साठ सेकंदांवर ठेवावी, म्हणजे संच आपोआप गप्प होतो.

प्रत्येक संचात निदान एक चॅनेल रिपीटरशिवायचा, म्हणजे दोन्ही वारंवारता एकच असलेला हवा. डोंगरावरही वीज जाते.

बोलण्याची रीत

बटण दाबल्यावर लगेच बोलू नये. बॅटरी वाचवण्यासाठी ऐकणारे संच मधूनमधून डुलकी घेत असतात आणि रिपीटरला टोन ओळखायला क्षणभर लागतो. दाबावे, एक सेकंद थांबावे, मग बोलावे. नाहीतर 'नको, बोट पाठवू' मधला 'नको' गळतो. संच तोंडापासून चार बोटे दूर, अँटेना उभी. सर्वांच्या अँटेना उभ्या असतील तरच संकेत नीट पकडला जातो, आडवी धरली की तो बराच घटतो. आवाज तुटत असेल तर एक-दोन पावले सरकून पाहावे. भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरीशी मिळून कोठे जोर करतात, कोठे एकमेकींना मारतात, आणि दोन मीटरच्या पट्ट्यात असे दोन मृत ठिपके साधारण अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे मीटरभरावर असतात. संचाबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना म्हणजे गुंडाळलेली तार, ती कामचलाऊच. पाव तरंगलांबीची, सुमारे ५० सेंटिमीटरची सरळ अँटेना लावली, किंवा अँटेनाच्या बुडाशी बाहेरच्या धातूच्या कड्याला तेवढीच तार जोडून खाली लोंबती सोडली, तरी फरक लगेच कळतो. मात्र अँटेना काढून बटण कधीही दाबू नये. बाहेर जाऊ न शकलेली शक्ती आतल्या ट्रान्झिस्टरवर उलटते.

आकड्यांबाबत मराठीत विशेष जपावे लागते. संचावरचा आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्झपुरताच असतो, व्यंजनांतले बारकावे त्यात हरवतात. 'सात' आणि 'साठ' सारखेच वाटतात. 'एकोणचाळीस' आणि 'एकोणपन्नास' यांत 'एकोण' तेवढे ऐकू येते. 'त्रेचाळीस' म्हणजे धोक्याची पातळी, 'त्रेपन्न' म्हणजे त्याहून दहा फूट वर, आणि खरखरीत दोन्ही 'त्रे' म्हणूनच पोहोचतात. म्हणून पाण्याची पातळी 'चार तीन', 'पाच तीन' अशी एकेक अंक सुटा करून सांगावी आणि ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवावी. बँकेतल्या माणसाला हे बालिश वाटेल, पण बोटी याच आकड्यावर निघतात.

बॅटरीचाही हिशोब मुलांकडून करून घ्यावा. ५ वॉट पाठवताना संच सुमारे दीड अँपिअर विद्युतधारा ओढतो. नुसता कान देऊन बसलेला असतो तेव्हा शंभर मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणजे एक मिनिट बोललो की पंधरा मिनिटांचे ऐकणे खर्ची पडले. १ वॉटवर काम होत असेल तर १ वॉटवरच बोलावे.

परवाना

वॉकीटॉकी विकत मिळते म्हणून ती कोणीही वापरावी असे नाही. अल्पशक्तीचे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे संच २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात, त्यांचा पल्ला एखाद्या शिबिराच्या आवारापुरता. दोन मीटरच्या पट्ट्यासाठी हौशी केंद्रचालकाची परीक्षा द्यावी लागते. ती दूरसंचार विभागाच्या वतीने घेतली जाते, बारा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी तिला बसू शकतो, आणि प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स लिपी लागत नाही. थोडे वीजशास्त्र, थोडे रेडिओशास्त्र आणि नियम, एवढाच अभ्यास. परवान्याबरोबर स्वतःची संकेतसंज्ञा मिळते. स्वस्त संच पोलिसांच्या आणि वनखात्याच्या वारंवारतेवरही बोलू शकतात, यंत्राला काही मनाई नसते. ती मनाई प्रोग्रॅमिंग करणाऱ्यानेच पाळायची असते. परवाना असलेल्या पट्ट्याबाहेरच्या चॅनेलवर पाठवणे सॉफ्टवेअरमध्येच बंद करून ठेवावे.

आमच्याकडे दर मे महिन्यात एक परवानाधारक मित्र संच घेऊन तालुक्यात फिरतो. प्रत्येक गावच्या देवळापाशी, शाळेच्या गच्चीवर आणि नदीकाठी तो एक ते दहा अंक म्हणतो. इकडे मुले ऐकून शून्य ते पाच असे गुण देतात आणि नकाशावर रंग भरतात. पाच म्हणजे हिरवा, शून्य म्हणजे काळा. पूर्वेकडचा नकाशा बहुतेक हिरवा आहे. नदीच्या वळणावरची दोन गावे गेल्या वर्षी काळी होती. यंदा त्यांतल्या एका गावात पाण्याच्या टाकीवर चढून बोलल्यावर गुण तीन मिळाले. दुसऱ्या गावात चढायला काही उंच नाही, म्हणून तेथे ठेवण्यासाठी मुले बांबूच्या काठीवरची अँटेना बनवत आहेत.